चमकवायला उद्या या

डॉक्टर मुनवळ्ळीकरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तोंडं राहत. चेहरा म्हणजे तोंडाभोवती विनाकारण केलेलं बांधकाम, असं त्यांचं मत असावं. रस्त्यात एखादा माणूस हात जोडून "अप्पा, ओळखलं का?" म्हणाला, की अप्पा त्याच्याकडे परक्या गावच्या बसची पाटी वाचावी तसं बघत. मग म्हणत, "हसा बघू." तो बिचारा हसे, आणि अप्पा खुलत. "हां! खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी! तुम्ही कमरीपेठेतले जोशी की! आईचे गुडघे काय म्हणतात?" जोशींचं नाव, गल्ली, आईचे गुडघे, सगळं त्या एका दाढेत जपून ठेवलेलं असायचं.

माझा धंदा वकिलीचा. एकाचे चार करून सांगायची सवय आहे, ती मी नाकारत नाही. पण अप्पांच्या बाबतीत मला चाराचं एक करून सांगावं लागतं, नाहीतर कुणी विश्वासच ठेवत नाही.

आमची घरं धारवाडला, मळमड्डीत, मधे कंपाउंडची भिंत. त्यांचा दवाखाना हुबळीला कमरीपेठेत आणि माझं कोर्टही हुबळीतच. त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. अप्पा मान पूर्ण मागे वळवून माझ्याशी बोलत गाडी चालवायचे. रस्ता स्कूटरला पाठ होता. संध्याकाळी कोर्ट सुटलं की मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांचं काम आटपायची वाट बघायचो. त्या बाकानं मला जेवढं शिकवलं तेवढं लॉ कॉलेजनं शिकवलं नाही. कोर्टात माणूस तोंड उघडतो आणि खोटं बोलतो. दवाखान्यात तोंड उघडल्यावर बोलताच येत नाही, त्यामुळे तिथं सगळं खरं असतं.

दवाखाना म्हणजे एक खोली. मधे पडदा, अलीकडे बाक, पलीकडे खुर्ची. लवंगेच्या तेलाचा वास एवढा, की शेजारच्या शिंप्याकडं शिवलेल्या कपड्यांनाही तो यायचा. कमरीपेठेतले नवरदेव लवंगेचा वास घेऊनच बोहल्यावर चढत, असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो.

अप्पा दाढेत चांदी भरत. गावात त्यांना 'बेळ्ळी डॉक्टर'च म्हणायचे. बेळ्ळी म्हणजे चांदी. मल्लप्पा नावाचा त्यांचा कंपाउंडर काचेच्या खलात चांदीची पूड आणि पारा घोटायचा, फडक्यात घेऊन पिळायचा. मग तो मऊ गोळा दाबला की 'कुंई' असा बारीक आवाज यायचा. अप्पा पडद्यामागे कान देऊन असत. "इन्नू आगिल्ल, मल्लप्पा. अजून झाली नाही. रडू दे तिला जरा." चांदी नीट रडली की मगच ती दाढेत जायची. पेशंट त्याच्या बऱ्याच आधी रडून मोकळा झालेला असे.

मग अप्पा कोरायला बसत. दाढेच्या माथ्यावर डोंगर असतात, खिंडी असतात, पावसाळी ओढे असावेत तशा खाचा असतात. ते सगळं चांदीत पुन्हा जसंच्या तसं उठवायचं. एवढं कशाला, असं मी एकदा विचारलं. कोण बघायला जातंय तिथं?

"जीभ बघते की," अप्पा म्हणाले. "जीभ आंधळी, वकील. खरं तिला सगळं दिसतं."

एक मात्र होतं. ही चांदी त्याच दिवशी चमकवता येत नाही. ती रात्रभर घट्ट व्हावी लागते. दुसऱ्या दिवशी रबराच्या छोट्या वाटीनं आणि बारीक पुडीनं घासली की मग आरशासारखी होते. म्हणून खुर्चीतून उठणाऱ्या प्रत्येकाला अप्पा न चुकता सांगत, "नाळे बर्री. उद्या या, चमकवायचं राहिलंय." आणि प्रत्येक जण मान डोलावून जाई तो जाईच. दुखायचं थांबल्यावर दाताच्या डॉक्टरकडं आपल्या पायानं कोण जातो?

अप्पांच्या आयुष्यातलं हे खरं दुःख. त्यांच्या लेखी हुबळी-धारवाडातली निम्मी तोंडं गिलावा न केलेल्या घरांसारखी पडून होती. त्यावर त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. एका डबीत पूड, रबरी वाटी, गुळगुळीत टोकाची एक काडी आणि स्पिरिटचा बोळा घालून ती ते खिशात ठेवू लागले. पेशंट जिथं सापडेल तिथं. बाजारात, वाचनालयात, मठाच्या पायऱ्यांवर. हुबळी स्टेशनचा प्लॅटफॉर्म एवढा लांब बांधलाय तो अप्पांना बघून पळणाऱ्या पेशंटांची सोय म्हणून, हे माझं जुनं मत आहे, आणि रेल्वेनं ते अजून खोडून काढलेलं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात तर कमाल झाली. पंगतीत अप्पांच्या समोर नवऱ्या मुलाचे मामा. मामा जुन्या हुबळीतले पैलवान. मांडी घालून बसले तर दोन पानांची जागा जायची. जिलबी वाढणाऱ्याला "बस" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं मात्र, अप्पा भरल्या पानावरून उठले.

"तुम्ही! वरची डावी! उद्या येतो म्हणून गेलात ते?"

मामांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. "डॉक्टर, ते जरा... घरात गडबड होती..."

"बाय तगी!" अप्पा गरजले. म्हणजे तोंड उघड. हे ते फक्त कानडीतच म्हणत. मराठीत सांगितलं तर लोक विचार करत बसतात, असं त्यांचं म्हणणं. एवढा मोठा मल्ल शाळेतल्या पोरासारखा उठला आणि अप्पांच्या मागोमाग मांडवामागच्या नळापाशी गेला. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानावरून काहीतरी बिनसलं. वाजंत्री थांबली. भटजींनी पळी खाली ठेवली. आणि घटकाभरानं मामा परतले ते हसत. दिवसभर ज्याला त्याला तोंड उघडून दाखवत होते. वधूवरांपेक्षा त्या दाढेचे फोटो जास्त निघाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती, हे मला इनामदारबाईंच्या वेळी कळलं. बाई हायस्कुलात शिकवायच्या. आल्या होत्या मुलाला घेऊन, बाकावर माझ्याशेजारी बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टरांनी माझीही दाढ भरलीय. छान आहे हो. जेवल्यावर थोडं अडकतं, खरं केसातली पिन घातली की निघतं."

पडदा बाजूला झाला. आत कुणाचं तोंड उघडंच ठेवून अप्पा बाहेर उभे.

"अडकतं? किती दिवस अडकतं?"

"अहो, काही विशेष नाही..."

"अन्न अडकलं म्हणजे काम चुकलं, बाई! माझं चुकलं! बसा खुर्चीत."

आतल्या माणसाला उठवून त्यांनी बाईंना बसवलं, आपणच भरलेली चांदी आपणच काढली, आणि पुन्हा भरली. काढताना स्वतःला कानडीत एवढ्या शिव्या घातल्या की मल्लप्पानं मुलाला बाहेर नेऊन उभं केलं. "भरताना दोन दाढांच्या मधे पाचर बसवायची ती फट राहू नये म्हणून. राहिली तर आज अन्न अडकणार, उद्या कीड लागणार," स्कूटरवरून जाताना ते म्हणाले. मान मागे होतीच. "अशी चांदी सोन्याची असली तरी उचकटून काढावी. दया करू नये."

हा नियम त्यांनी सगळ्या गावाला लावला. एक दाढ सोडून. ती त्यांची स्वतःची होती.

तिची गोष्ट सांगायची तर वैजूचं सांगावं लागतं. वैजयंती, अप्पांची एकुलती एक लेक. दाताच्या डॉक्टरकीचंच शिकत होती. त्याच दिवसांत अप्पांना आपल्या उजव्या दाढेत एक छोटीशी कीड सापडली. हुबळीतल्या कुठल्याही डॉक्टरानं हौसेनं भरून दिली असती. अप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. "वैजू शिकतेय. घरची कीड बाहेर कशाला द्यायची?" लोणच्यासाठी कैरी राखावी तशी त्यांनी ती कीड राखली.

आणि ती उपयोगाला आली. वैजूची परीक्षा होती, जिवंत पेशंटच्या दाढेत चांदी भरून दाखवायची. तिनं ठरवलेला पेशंट यंत्राचा आवाज ऐकून कॉलेजच्या मागच्या दारानं पसार झाला. पोरगी रडकुंडीला आली. अप्पांना निरोप मिळाला तेव्हा आम्ही हुबळीच्या वाटेवर होतो. त्यांनी स्कूटर जागच्या जागी अशी वळवली की मी काही काळ धारवाडकडं तोंड करून हवेतच होतो. कॉलेजात शिरले आणि थेट खुर्चीत जाऊन पडले. "सुरू कर. मी पेशंट. माझ्याशी बोलू नकोस."

मी बाहेर थांबलो. फार वेळानं अप्पा बाहेर आले. मागून वैजू, घामानं भिजलेली, कपाळाला केस चिकटलेले. अप्पांनी जीभ गालात फिरवली, क्षणभर थांबले, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडले, "वकील, असं काम मी जन्मात केलेलं नाही!"

वैजू पास झाली. अप्पांनी मळमड्डीत घरोघर पेढे वाटले. आमच्या घरी येऊन एक स्वतःही खाल्ला. डावीकडनं. पेढ्याला दाढ लागत नाही, तरी डावीकडनं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर केव्हातरी त्यांच्या खिशात डबीबरोबर दोऱ्याचं एक रीळ आलं. जेवण झालं की अप्पा पाठ करून कुठंतरी कोपऱ्यात उभे राहायचे. कुणी विचारलं तर एकेकाला एकेक उत्तर. मला सांगितलं, शर्टाची बटणं तुटतात. माझ्या बायकोला सांगितलं, पतंगाचा नाद लागलाय. पंगतीत भाकरी मोडली तरी घास डाव्या गालात जायचा. लोक म्हणायचे, अप्पांची लकब आहे. एवढ्या लकबींच्या माणसात आणखी एक कुणाला खुपणार?

वैजू पुढं बंगळूरला गेली, तिथं नाव मिळवलं. अप्पांचे हात थरथरू लागले तेव्हा आपण होऊन परत आली आणि कमरीपेठेतला दवाखाना तिनं हातात घेतला. खल गेला. पडद्याच्या जागी काच आली. लवंगेचा वासही गेला. शेजारच्या शिंप्याच्या कपड्यांना प्रथमच कपड्यांचा वास येऊ लागला. अप्पा आता बाकावर माझ्याशेजारी बसत, सेवानिवृत्त न्यायाधीशानं प्रेक्षकांत बसावं तसे. वैजू दाताच्या रंगाचं भरायची. चिकटवायची, निळा दिवा धरायची, आणि घडीभरात ते दगडासारखं घट्ट. कुठं भरलंय ते कळायचं नाही.

"दाढेला रंग कशाला जुळवायचा?" अप्पा मला कुजबुजत. त्यांची कुजबूज रस्त्यापलीकडं जायची. "तिला काय बघायला येणारेत?"

"अप्पा, ऐकू येतंय," आतून वैजू.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय की."

त्यात लोकांचं नवं सुरू झालं. मोबाइलवर काहीतरी वाचायचं आणि यायचं: चांदी काढा, त्यात पारा असतो, सगळी काढा आणि पांढरं भरा. अप्पांच्या हातची चांदी, त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्यासमोर. पहिला असा माणूस आला तेव्हा मी अप्पांकडं बघितलं नाही. वैजूनं त्याची एकेक दाढ तपासली आणि म्हणाली, "काका, ह्यातल्या एकीलाही मी हात लावणार नाही. कुठं फुटली नाही, कुठं कड सुटली नाही, खाली कीड नाही. उगीच काढायची म्हणजे चांगला दातही थोडा जाणार. सुखानं जेवा."

तो गेल्यावर अप्पा टाळूला जीभ लावून बसले होते. मग म्हणाले, "पोरीला डोळे आहेत."

ते डोळेच नडले. वैजूनं एक्स-रेचं नवीन यंत्र आणलं. फोटो काढला की चित्र समोरच्या पडद्यावर. यंत्राचं उद्घाटन कुणाच्या तोंडानं करायचं, असा प्रश्न निघाला आणि अप्पा म्हणाले, "घरचं कार्य आहे, तोंडही घरचं." हार घातलेलं यंत्र, पेढ्याचा बॉक्स, मल्लप्पानं ओवाळायला आणलेलं निरांजन, आणि खुर्चीत अप्पा, नवरदेवासारखे. माझी खात्री आहे, त्या भरात आपल्या तोंडात काय आहे हे ते साफ विसरले होते. मिरवायला मिळतंय म्हटल्यावर अप्पांना दुसरं काही सुचायचं नाही.

पडद्यावर चित्र आलं. मला त्यातलं काही कळत नाही. पांढरं आणि काळं दिसलं. वैजूनं मात्र पेढा खाली ठेवला.

"हे कुणी केलंय?"

"छान आहे की," अप्पा छताकडं बघत म्हणाले.

"छान? कड बाहेर आलीय. मधे ही एवढी फट. आणि खाली हे काळं बघा, कीड आहे, अप्पा. मधे पाचरच बसवलेली नाही! कुठल्या गाढवानं..."

आणि ती थांबली. पडद्यावर ठेवलेलं बोट तिथंच राहिलं. निरांजन घेऊन मल्लप्पा तसाच उभा.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," वैजू म्हणाली.

"मला काय कळणार? मी पेशंट होतो की."

तिनं त्यांच्या खिशाकडं बघितलं. फटीतलं अन्न काढायच्या दोऱ्याचं रीळ वर डोकावत होतं. अप्पांनी त्यावर हात ठेवला.

मग त्या घरात सुरू झाला खटला. वैजूचं म्हणणं, ही चांदी काढायची, कीड साफ करायची, मी नीट भरून देते. थांबलो तर दाढ जाईल. अप्पांचं म्हणणं, नाही. दुखत नाही, खुपत नाही, आणि एवढी वर्षं राहिलेल्या भाडेकरूला बाहेर काढायचं नसतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मला रोज दोन्ही बाजू ऐकू येत. एका संध्याकाळी अप्पांनी मलाच हाक मारली. "वकील, इकडं या. माझ्या बाजूनं जरा बोला हिच्याशी."

"कसा बोलू?" मी म्हटलं. "अशीलच पुरावा खिशात घालून फिरतोय."

वैजू हसली नाही. "अप्पा, अशी दाढ दुसऱ्या कुणाची असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"काढली असती. तिथल्या तिथं."

"मग?"

"दुसऱ्या कुणाची नाही की," अप्पा म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्या दिवसांत एक गाणारी मुलगी दवाखान्यात आली. तिच्या दाढेतली चांदी तुटून कोपरा गेला होता आणि आ लावला की तो काळपट खड्डा दिसायचा. ही काढायलाच हवी होती. वैजूनं ती काढली, पांढरं भरलं. झाल्यावर अप्पा बाकावरून उठले. "मी बघू?" चष्मा चढवला, बारीक टोकाची सळई घेतली, थरथरणारं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि दाढेवरून टोक फिरवत बसले. दात कुठं संपतो आणि वैजूचं काम कुठं सुरू होतं, ती जागा टोकाला लागते का बघत होते. पुन्हा पुन्हा फिरवलं. मुलगी शेवटी "आं" करायला लागली, तेही सुरात.

घरी जाताना आता वैजू गाडी चालवायची, आम्ही दोघं मागे. निम्म्या वाटेवरचं नवनगर आलं तरी अप्पा गप्प. अप्पा गप्प म्हणजे मला वाटलं, गाडीतलं काहीतरी बिघडलं. मग माझ्या कानाशी आले, आणि या खेपेला खरंच कुजबुजले, "शिवण सापडली नाही, वकील."

पण दाढेचं नाव काढू दिलं नाहीच. मे उजाडला, आणि धारवाडच्या त्या उन्हात अप्पा मफलर गुंडाळून व्हरांड्यात दिसू लागले. थंडी वाजतेय म्हणाले. मफलरच्या आत उजवा गाल एवढा फुगला होता की मळमड्डीतले रिक्षावाले वळणावर त्यांना बघून हॉर्न देत. भाकरी बंद झाली, आंबा बंद झाला. बोलणंसुद्धा बंद झालं, तेव्हा मी घाबरलो.

त्या दिवशी मी त्यांच्या व्हरांड्यातच होतो. वैजू दवाखान्यातून आली, पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. आज चढा आवाज नव्हता.

"अप्पा, गावातल्या शेकडो तोंडांत तुमचं चांगलं काम आहे. मी रोज बघते. बघते आणि हात न लावता सोडून देते."

अप्पांनी मफलर जरा सैल केला.

"माझंही आहे थोडंफार चांगलं. बंगळूरला, इथं. कुणाकुणाच्या तोंडात. आणि तुमच्या तोंडात काय आहे? माझं सगळ्यात वाईट काम. तेच तुम्ही जपलंय. तुम्हाला ते गोड वाटतं, मला माहीत आहे. खरं मला कसं वाटतं? तुम्ही हसलात की मला ते दिसतं. तुम्ही डावीकडनं जेवता, मला दिसतं. एक तरी चांगलं काम मला तुमच्या तोंडात ठेवू द्या की."

अप्पा समोरच्या रस्त्याकडं बघत होते. शाळा सुटल्यासारखी स्कूटरची एक रांग गेली. मग त्यांनी खिशातून रीळ काढलं, बोटांत फिरवलं, आणि माझ्या हातात दिलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

आधी सूज उतरवावी लागली. मग एका सकाळी अप्पा त्याच खुर्चीत बसले. मी काचेच्या अलीकडं. वैजूनं दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला, पाण्याची नळी, ओढून घेणारी नळी, आणि चांदी निघू लागली. अप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यावर अगदी सैल होते. आयुष्यभर दुसऱ्यांना "अंग सैल सोडा" म्हणालेला माणूस. सांगितलं तसं वागत होता.

मधे वैजू थांबली. अप्पांनी बोटानं खूण केली, दाखव. तिनं ताटलीतले तुकडे त्यांच्यासमोर धरले. काळे पडलेले, ओबडधोबड. अप्पांनी निरखून बघितले, आणि तोंडात ते सगळं रबर असताना, जसं जमेल तसं म्हणाले, "मजबूत होती हं."

आणि मग, "फट होती, खरं."

"होती, अप्पा," वैजू म्हणाली. तिनं मास्क लावलेला होता, त्यामुळे अधिक काही मला दिसलं नाही.

कीड खोल होती, पण दाढ वाचली. वैजूनं पाचर बसवली. बसवताना मल्लप्पाकडं न बघता मोठ्यानं म्हणाली, "पाचर बसवली." खुर्चीतून "हूं" असा आवाज आला. थर भरले, निळा दिवा धरला, खाचा कोरल्या, चावायला लावलं, घासलं. रबर निघालं. अप्पांनी जीभ उजव्या गालात नेली. मी त्यांच्याकडं बघत होतो. कॉलेजच्या व्हरांड्यात बघितलं होतं तसंच. जीभ फिरली, थांबली, पुन्हा फिरली. या खेपेला ते ओरडले नाहीत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग उद्या किती वाजता येऊ? चमकवायला?"

"उद्याचं काही नाही, अप्पा. हे आजच चमकवायचं असतं. चमकवलंय."

अप्पा खुर्चीतून उतरले. चपला शोधल्या. "असं होय," म्हणाले. "बरं झालं. लोकांचा हेलपाटा वाचला." त्या दुपारी जेवताना त्यांनी भाकरीचा घास उजवीकडं घेतला, असं वैजूनं मला सांगितलं. आणि खिशाकडं हात नेला, तिथं काही नव्हतं, तसाच परत आणला.

पुढं अप्पा गेले. भिंतीपलीकडं आता कुणी मला हाक मारत नाही, आणि रस्त्यात माणसांना हसायला लावून ओळखणारं कुणी राहिलं नाही. पण आठवायला बसलं की मला त्या मांडवातले अप्पा आठवत नाहीत, स्कूटरवरचेही नाहीत. दाढ भरली त्याच्या दुसऱ्या दिवशीचे आठवतात.

दुसऱ्या दिवशी कोर्ट लवकर सुटलं म्हणून मी दवाखान्यात गेलो. बाक भरलेला होता. एका टोकाला, भिंतीकडं, इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा बसलेले. वैजूबरोबर आले नव्हते. धारवाडहून बसनं आले होते, एकटे. मी शेजारी जागा करून बसलो. ते माझ्याशी बोलले नाहीत. पेशंट बोलत नसतात.

त्यांचा नंबर आला. मल्लप्पानं काचेचं दार उघडून आत डोकं घातलं. "अक्कार, पेशंट बंदार. पालिश माडसलिक्क." बाई, पेशंट आलेत. चमकवून घ्यायला.

"आज कुणाचं पॉलिश?" म्हणत वैजू वळली, आणि बघतच राहिली.

"उद्या या म्हटलं की यायचं असतं," अप्पा म्हणाले.

तिनं त्यांना असं काही म्हटलेलं नव्हतं. चमकवायचं काही राहिलेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. बाहेर बाकभर लोक गाल धरून बसले होते. वैजूनं हात धुतले, मोजे चढवले, रबराची छोटी वाटी यंत्राला लावली, आणि दिवा खाली ओढला.

"बाय तगी, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी डोळे मिटले आणि मोठ्ठा आ केला.